काट्यावर टॉवेल

कुताइसीत, रिओनी नदीच्या अलीकडे,
चांभाराच्या दुकानाखाली माझं तळघर.
सात दांडे, दोन बाकं, कोपऱ्यात तडकलेला आरसा
आणि वजनाचा काटा.
त्याच्यावर मी टॉवेल टाकून ठेवते,
रात्री पोपटाच्या पिंजऱ्यावर टाकतात तसा.

ओतिया आला नोव्हेंबरात.
डॉक्टरची चिठ्ठी आधी पुढे केली, नाव नंतर सांगितलं.
पाव भाजणारा. माणूस दाराएवढा.
म्हणाला, "लामारा, तीन दिवस काही खाल्लं नाही.
बघ, किती उतरलं?"
आणि टॉवेलकडे हात नेला.

मी त्याला बाकावर बसवलं, गोड चहा दिला.
पेल्यातला चमचा किणकिणत होता,
इतके हात थरथरत होते.

खरं सांगायचं तर मीही काट्याचीच बाई.
मागे, स्टेडियमच्या हॉलमध्ये, दर सोमवारी
सगळ्यांदेखत एकेकीला उभी करायचे
आणि आकडा मोठ्यानं वाचायचे.
शिस्त म्हणायचे मी त्याला.
माका नावाची एकोणीस वर्षांची पोरगी
त्या दिवशी बूट घालायलाही थांबली नाही.
निळे बूट. डाव्याची नाडी तुटलेली.
अजून माझ्या कपाटात आहेत.
पायातला काटा सुईनं निघतो.
हा कशानं काढायचा, कुणी शिकवलं नाही.

म्हणून ओतियाला मी वजन विचारलं नाही, रात्र विचारली.
दोनला उठतो.
मातीच्या भट्टीत कमरेपर्यंत वाकून
आतल्या भिंतीला पाव थापतो.
लांबट पाव, दोन्हीकडे टोकदार.
टोकाला तो कान म्हणतो.
कान मोडायचा, तोंडात टाकायचा, पुढचा पाव.
"किती कान?"
"मोजतंय कोण?"
"आणि घरी?"
"घरी उभ्यानं खातो. फ्रिजपाशी."
"उभ्यानं का?"
तो चहाकडे बघत राहिला.
"टेबलाला खुर्च्या दोन आहेत ना, म्हणून."

याच्यावर माझ्याकडे व्यायाम नव्हता.

माझं काम कुठे संपतं हे मला उशिरा कळलं.
त्याची साखर डॉक्टर बघतात,
मीठ-चीज दवाखान्यातली इझोल्दा.
मी गुडघे बघते, आणि झोप झाली का विचारते.
पहिल्या आठवड्यात त्याला एवढंच सांगितलं:
कान खा, पण आधी डब्यात टाक.
सकाळी डबा उघड. रागावू नकोस. नुसता बघ.

तिसऱ्या दिवशी बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आला.
एकेचाळीस.
आम्ही पोट धरून हसलो,
आणि हसताना त्याचं पोट हललं
तरी त्यानं कोट ओढून घेतला नाही.

मग खुर्ची. बसायचं, उठायचं, हात न टेकता.
पाच वेळा. पुढच्या महिन्यात बारा.
"घरी पण कर," म्हटलं,
आणि जीभ चावली.
तो काही बोलला नाही.
दोन दिवसांनी बुटाची नाडी बांधता बांधता
जमिनीकडे बघत म्हणाला,
"काल जेवलो. बसून."

फेब्रुवारीत पुतण्याचं लग्न.
पेल्यावर पेले, शुभेच्छांवर शुभेच्छा,
नाही म्हणेल तो आमच्या गावचा नव्हे.
त्यानंतर नऊ दिवस पत्ता नाही.
मी फोन केला. काय खाल्लं विचारलं नाही.
"मंगळवारी सातला तळघर उघडं आहे," एवढंच.
तो साडेसहालाच पायरीवर होता,
शाळेत उशिरा पोचलेल्या पोराच्या चेहऱ्यानं.

एप्रिलपर्यंत साडेचार किलो उतरलं.
पुतण्या म्हणाला, एवढंच?
ओतियानं ते मला सांगितलंच नाही, दुसरंच सांगितलं:
"भट्टीतून वर येताना
आता भिंत धरावी लागत नाही."
दोनदा सांगितलं.

काल येताना पाव घेऊन आला, गरम, कागदात.
ठेवायला जागा दिसेना
म्हणून टॉवेलवरच ठेवला.
खाली काटा हलला असेल.
दोघांनीही पाहिलं नाही.
पावाचे दोन्ही कान शाबूत होते.
एक मी मोडला.